गाडी विचारते, तुम्ही कोण?

किल्लीला नाव नसतं. ती ज्याच्या हातात, त्याच्यासाठी गाडी सुरू होते; मग ते बाबा असोत, ताई असो, ड्रायव्हर असो की गॅरेजवाला. मालकाचं नाव आरसी बुकात आणि वापरायची मुभा किल्लीत, अशी साधी वाटणी होती. डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनने ती मोडली. तिला आधी ईमेल हवा, मग पासवर्ड, मग ओटीपी.

हा विचार फोनवरून उचललेला आहे. पण फोन एकाचा असतो, गाडी घरादाराची. गाडी वडिलांच्या नावावर, ॲप लेकीच्या मोबाइलवर आणि स्टिअरिंगवर काका, हे आपल्याकडे नेहमीचंच. लॉगिनची मुदत संपली की काका साताऱ्याच्या पेट्रोल पंपावर अडकतात आणि ओटीपी जातो पुण्यात मीटिंगला बसलेल्या लेकीकडे. इंजिन ठणठणीत, नकाशा मात्र बंद.

टाइप करण्याचा छळ वेगळाच. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा यंत्रणेने २०१३ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली: गाडी चालवताना स्क्रीनवरच्या कामासाठी एका वेळची नजर २ सेकंदांपेक्षा जास्त नको, सगळं मिळून १२ सेकंदांत आटपावं. चालत्या गाडीत कीबोर्ड बंद ठेवणं म्हणूनच बरोबर. पण मग लॉगिन भर रस्त्यात संपवायचं कशाला? एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हा लॅपटॉपपुढे बसलेल्या माणसासाठीचा नियम हात लांब करून टाइप करणाऱ्यावर का लादायचा? टीव्हीसारख्या उपकरणांसाठी सोपी पद्धत आहे: स्क्रीनवर कोड दिसतो, लॉगिन फोनवर होतं. तिचं अधिकृत मानक २०१९ पासून उपलब्ध आहे. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाही. गाडीत बसलेल्या माणसाचा विचारच झालेला नाही.

याहून गंभीर प्रश्न लॉगआउटचा. आयबीएमचे सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की विकून टाकलेली गाडी आपल्याला ॲपमध्ये अजून दिसते. ती कुठे आहे ते कळत होतं, दारं उघडता येत होती. गाडीतली माहिती पुसली, तरी कंपनीच्या सर्व्हरवरची जोडणी शाबूत राहिली होती. नव्या मालकाच्या हातात किल्ली, जुन्याच्या खिशात गाडी. जी यंत्रणा खऱ्या मालकाला दहादा ओळख विचारते, तीच जुन्या मालकाला विसरत नाही.

लॉगिनची बाजूही ऐकायला हवी. चोरीला गेलेली गाडी शोधायची किंवा दुरून दार उघडायचं, तर ओळख पटवणं आवश्यकच आहे. पण एसी, रेडिओ आणि नकाशा यांना चालवणाऱ्याचा ईमेल कशाला? नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाचं ॲप सर्व्हरच्या बिघाडाने बंद पडलं आणि फोनच्या भरवशावर निघालेले काही मालक गाडीबाहेरच राहिले. ज्यांच्या खिशात टेस्लाचंच साधं की-कार्ड होतं, त्यांचं काही अडलं नाही.

त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला गेलात की सनरूफच्या आधी तीन गोष्टी विचारा. लॉगिन न करता काय काय चालतं? दुसऱ्याने चालवायला घेतली तर? आणि विकताना माझं नाव सर्व्हरवरून कोण काढणार? सेल्समन तिसऱ्या प्रश्नावर मॅनेजरला हाक मारेल. मारू द्या. उत्तर मिळेपर्यंत चेकवर सही करू नका.