वशिला नव्हता, तरी दार उघडलं

अमेरिकेतल्या एखाद्या खाजगी गोल्फ क्लबात तुम्ही कधी पाहुणे म्हणून गेला आहात का? मी एकदाच गेलो, शेजाऱ्याबरोबर. जेवण झाल्यावर सवयीनं पाकीट काढलं, तर वेटर हसून म्हणाला की इथे पैसे चालत नाहीत, सगळं सभासदाच्या खात्यावर लागतं. त्या दिवशी मला खर्च करता आला तो फक्त कॅडीच्या टिपेचा.

जिमी जेम्स यांचं 'प्लेइंग फ्रॉम द रफ' (२०२४) वाचताना ते पाकीट सारखं आठवत होतं. जेम्स कृष्णवर्णीय. टेक्ससमध्ये वीज आणि नळ नसलेल्या घरात, एकट्या आईच्या आठ मुलांत वाढले. पुढे एक्झॉनमोबिलमध्ये मोठ्या पदापर्यंत पोचले. गोल्फ हाती घेतला तो चाळिशी उलटल्यावर आणि निवृत्तीनंतर ठरवलं, 'गोल्फ डायजेस्ट'च्या यादीतली अमेरिकेतली सर्वोत्तम १०० मैदानं एका वर्षात खेळायची. पेबल बीचवर पैसे भरून खेळता येतं. ऑगस्टा नॅशनल किंवा पाइन व्हॅलीला सभासदानं नेल्याशिवाय फाटक उघडत नाही. तरी ते उघडत गेलं. पुष्कळदा अनोळखी माणसांनी, या गृहस्थाचं वेड पाहून, त्यांना आत नेलं.

याला वशिला म्हणता येणार नाही. वशिल्यात परतफेड गृहीत असते. इथे यजमानाला मिळते ती चार तासांची सोबत. बालपणीचं ते घर आणि कातरलेली हिरवळ शेजारी शेजारी येतात तिथे पुस्तक फार चांगलं आहे. यजमानांबद्दल मात्र लेखक जरा जास्तच हळवे होतात. ऑगस्टानं पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला तो १९९० साली; तोवर जेम्स यांना नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. आज आत नेणारा माणूस भला आहे, मान्य. पण किल्ली त्याच्याच खिशात का, हे मला लेखकानं त्याला जास्त खोदून विचारायला हवं होतं.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. चिठ्ठीत नाव निघालं की कुणीही पैसे भरून खेळतो आणि रविवारी सहसा खेळ बंद ठेवून लोक तिथे कुत्री फिरवतात. तिथे कुणाच्या औदार्याची वाट पाहावी लागत नाही. उलट आपल्या मुंबईतलं विलिंग्डन बघा. १९१८ साली युरोपीय आणि हिंदी दोघांनाही घेणारा क्लब म्हणून तो निघाला. आज तिथे सभासदत्व मिळवून बघा.

हे लिहिताना मी साळसूदपणाचा आव आणत नाही. मी पोस्टडॉक आहे. माझी गाडी चालते ती शिफारसपत्रांवर. ओळखदेख नसताना एका प्राध्यापिकेनं माझ्या ईमेलला उत्तर दिलं, म्हणून मी या देशात आहे. त्यामुळे जेम्स यांची कृतज्ञता मला खोटी वाटत नाही. फक्त, त्याच आठवड्यात मी आणखी बऱ्याच जणांना ईमेल पाठवले होते. आणि वर्षभर देशभर हिंडायला पैसा आणि सवड लागते. जेम्स यांच्याकडे तोवर दोन्ही होतं.

पुस्तक जरूर वाचा. शेजाऱ्यानं पुन्हा बोलावलं तर मीही जाणार आहे, टिपेसाठी सुटे घेऊन.