‘टक्के कमी, जिद्द मोठी’: या यशकथांमध्ये काय गाळलेलं असतं?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाने ही यशकथा वाचलेली असते. बीएस्सीला जेमतेम 52 टक्के, लोकांनी नावं ठेवली, मग जिद्द, मग थेट मोठ्या संस्थेत पीएचडी. तुम्ही अकोटच्या एखाद्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असाल आणि निकालही असाच असेल, तर ती वाचून दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी अर्ज भरायला बसलं की कळतं, आपल्या कामाचं यात काहीच नाही.

जिद्दीवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मधलं पान फाडण्यावर. परीक्षा कोणती दिली? अट काय होती? शिफारसपत्र कोणी दिलं? तेवढ्याच टक्क्यांवर, तेवढीच मेहनत करून ज्यांचं झालं नाही, त्यांची गोष्ट तर कोणी लिहीतच नाही. याच्या उलट टोकाला गावातला सल्ला: “साठच्या खाली ना? मग बीएड कर बाप्पा.” दोन्हींची चूक एकच. दोघंही टक्के ही एकच गोष्ट समजतात. प्रवेशात टक्के दोन वेगळी कामं करतात: कुठे ते उंबरठा असतात, तर कुठे वजन.

आधी उंबरठा पाहू. नेटसाठी आणि यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीसाठी, खुल्या प्रवर्गाला दोन वर्षांच्या एमएस्सीत 55 टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. आपल्याला कोणती लागू होते ते त्या-त्या जाहिरातीत वाचा. ही अट एमएस्सीच्या गुणांवर आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे एमएस्सीत 54.8 पडले तर खरी अडचण. बीएस्सीत पडले असतील तर अजून दोन वर्षं हातात आहेत. गेटला तर टक्क्यांची किमान अटच नाही. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायचं असेल तर मात्र 75 टक्के लागतात. मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याने ही वाट सोडून एमएस्सीचीच धरलेली बरी.

मग बीएस्सीचे गुण आडवे येतात कुठे? मुख्यतः एमएस्सीच्या प्रवेशाला, जिथे गुणवत्ता यादी पदवीच्या टक्क्यांवर लागते तिथे. त्यावर उपाय म्हणजे परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या जागा. आयआयटींची जॅम ही त्यातली मोठी. 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. तिचे विषय सातच आहेत. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचा वेगळा पेपर नाही, त्यामुळे त्या मुलांना बायोटेक्नॉलॉजीचा पेपर धरावा लागतो. हे तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात कळून उपयोग नाही.

आता वजन. 2024 पासून विद्यापीठांतल्या पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण धरले जातात. जेआरएफ नसलेल्यांसाठी सूत्र असं: परीक्षेला 70 टक्के, मुलाखतीला 30. एमएस्सीच्या टक्क्यांना यात जागाच नाही. 55 ओलांडले की 56 आणि 76 इथे सारखेच. पण आयआयटी, आयसर, टीआयएफआर यांचे निकष त्यांचे स्वतःचे असतात, आणि काही ठिकाणी मुलाखतीआधीच्या चाळणीत जुने गुणही पाहतात. ती ओळ आधी शोधा, फी नंतर भरा.

यशकथांचं सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. आपली मुलं अर्जातलं उद्देशपत्रही यशकथेसारखंच लिहितात. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’, मग गरिबी, मग स्वप्न. वाचणाऱ्या प्राध्यापकाला हवं असतं एवढंच: हा मुलगा किंवा ही मुलगी एक प्रश्न धरून नेटाने काम करू शकते का?

त्याचा पुरावा अकोटातही तयार होतो. तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. दहा विहिरी निवडा. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची विद्युतवाहकता आणि पीएच मोजा. लागणारं उपकरण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बहुधा असतंच. विहिरींची खोली नोंदवा, आलेख काढा. उथळ विहिरींत पावसानंतर खारटपणा उतरतो का? फरक दिसला नाही तर तेही लिहा, आणि का दिसला नसेल तेही. असं दोन पानांचं काम उद्देशपत्राच्या चार परिच्छेदांपेक्षा जास्त बोलतं.

याच कामातून शिफारसपत्रही निघतं. ज्या सरांनी-मॅडमनी तुम्हाला मोजमाप करताना, चुकताना आणि पुन्हा मोजताना पाहिलं, त्यांचं पत्र प्राचार्यांच्या लेटरहेडवरच्या गोड शब्दांपेक्षा भारी. कमी गुणांचं कारण द्यायचंच असेल तर दोन वाक्यांत द्या. आजारपण होतं, तर तेवढंच. पहिल्या सत्रात 48 आणि सहाव्यात 66 असतील, तर आकडेच पुरेत.

एक कडू गोष्ट राहिली. कमी टक्के दोन प्रकारचे असतात. विषय समजलेला असतो पण पेपर फसतो, हा एक. विषयच कच्चा असतो, हा दुसरा. दुसऱ्या प्रकाराला उद्देशपत्र, ओळख, जिद्द, काहीही झाकू शकत नाही. मुलाखतीत दहा मिनिटांत ते उघडं पडतं. तुमचं कोणतं, हे यशकथा सांगणार नाही. जॅमचे जुने पेपर फुकट मिळतात. या रविवारी फोन बंद करून 3 तास एक पेपर सोडवा. चुकलेले प्रश्न वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: ‘माहीत होतं’ की ‘माहीतच नव्हतं’. दुसरी यादी मोठी निघाली तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला आणि तेवढं वर्ष पुस्तकांना द्या. पहिली मोठी निघाली, तर अर्ज काहून नाही करायचा?