एका आपटलेल्या तबकडीची बाजू

शिकागोच्या कॉमनची 'इलेक्ट्रिक सर्कस' ही तबकडी डिसेंबर २००२ मध्ये निघाली आणि बाजारात आपटली. तालावर शब्द बोलत जाण्याच्या रॅप या प्रकारात कॉमन म्हणजे शहाणा, विचारी माणूस, अशी त्याची ख्याती. २००० सालच्या 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट'ने त्याला खपही मिळवून दिला होता. पाचव्या तबकडीत हाच माणूस रॉकमध्ये आणि विजेच्या वाद्यांच्या चमत्कारिक आवाजांत शिरला. काही समीक्षकांनी धाडसाला दाद दिली. जुन्या चाहत्यांनी पाठ फिरवली.

फिरवली तर फिरवली. पण कारण काय दिले? तर त्याचे कपडे! विणलेल्या टोप्या आणि विजारी घालतो, एरिका बाडू या गायिकेच्या नादाने वाहवला, असे बोलले गेले. मुलगा बदलला की सुनेकडे बोट दाखवायचे, ही रीत केवळ आपल्याच आळीतली नाही तर! मला ही टीका आळशी वाटते. कान मिटून लोक डोळ्यांनी ऐकत होते.

ऐकले असते, तर खरे दोष सापडले असते. बरेचसे ध्वनिमुद्रण जिमी हेंड्रिक्सने न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओत झाले, आणि त्या वास्तूने कॉमनला झपाटले असावे. हेंड्रिक्सवरचे गाणे पाल्हाळ लावते. एरवी एकेक शब्द तोलणारा हा गडी तेथे शब्दच हरवून बसतो.

पण शेवटचे 'हेवन समव्हेअर' ऐका. दहा मिनिटांचे आहे. घाई करू नका. मेरी जे. ब्लाइज, जिल स्कॉट, बिलाल असे एकेक गायक येतात, आपापल्या कल्पनेतला स्वर्ग गातात, आणि अखेरीस कॉमनचे वडील बोलतात. लॉनी लिन हे एके काळचे बास्केटबॉलपटू. मुलगा लहान असतानाच आईवडील विभक्त झालेले. १९९४ पासून प्रत्येक तबकडीच्या शेवटी मुलाने वडिलांना बोलायला जागा ठेवली. या तबकडीत त्याने एवढी उलथापालथ केली, पण वडिलांची जागा हलवली नाही. तो वाहवला म्हणणाऱ्यांना हे ऐकूच आले नाही काय?

२००५ मध्ये कान्ये वेस्टच्या साहाय्याने 'बी' आली आणि रुसलेले चाहते परतले. २०१४ मध्ये वडील वारले. 'बी' अधिक बांधेसूद आहे, हे मी मान्य करतो. पण तिच्याही शेवटी वडील बोलतात, आणि तेथवर पोहोचलो की मी हमखास आधीची तबकडी काढून लावतो.