संमेलनाध्यक्षपदाची निवडणूक आणि यवतमाळची कसोटी : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक हा मराठी वाङ्मयीन जीवनातील दीर्घकाळचा वादविषय होय. ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळ येथे भरलेले ९२ वे संमेलन हे या निवडणुकीला फाटा देऊन भरलेले पहिले संमेलन ठरले. मतदान गेल्याने अध्यक्षपदाची प्रतिष्ठा वाढली काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निवडणुकीचा वारसा :
घटक संस्थांचे हजाराच्या आसपास मतदार अध्यक्ष निवडीत असत. मतांसाठी लेखकाने गावोगाव फिरावे, गटांची मनधरणी करावी, हे अनेकांना अप्रशस्त वाटे. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी रमेश मंत्री यांनी इंदिरा संत यांचा पराभव केला. या पद्धतीवरील आक्षेपाचे उदाहरण म्हणून तो निकाल आजही सांगितला जातो. २०१८ च्या बडोदे संमेलनासाठी झालेल्या चुरशीच्या निवडणुकीत लक्ष्मीकांत देशमुख विजयी झाले, रवींद्र शोभणे पराभूत झाले. ही अखेरची निवडणूक ठरली. पुढे हेच शोभणे २०२४ च्या अमळनेर संमेलनाचे अध्यक्ष सन्मानाने निवडले गेले.

तथापि बहुमताने निवडून आलेला अध्यक्षही निर्भय राहू शकतो असे नाही. २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांना ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून उठलेल्या वादात पद सोडावे लागले. मतदारांचा कौल त्यांच्या कामी आला नाही.

यवतमाळची कसोटी :
ऑक्टोबर २०१८ मध्ये अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष यांच्यानंतरच्या त्या पाचव्या महिला अध्यक्ष. निवड निर्वेध झाली, परंतु वाद टळला नाही. उद्घाटक म्हणून निमंत्रित केलेल्या नयनतारा सहगल यांना, इंग्रजीतून लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते उद्घाटन नको, या स्थानिक विरोधानंतर येऊ नये असे कळविण्यात आले. विरोध ज्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी केला, त्या पक्षाच्या अध्यक्षांनी पुढे आपला आक्षेप नसल्याचे सांगितले. पण निमंत्रण मागे घेतले गेले होते. अनेक साहित्यिकांनी बहिष्कार टाकला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर राजूर येथील वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील महिलेच्या हस्ते उद्घाटन झाले. या जिल्ह्याचे दुःख त्या व्यासपीठावर आले, ही गोष्ट मोलाचीच; पण एका लेखिकेच्या रिकाम्या केलेल्या जागेवर ते यावे, हे शल्यही तितकेच खरे.

येथे एक साम्य लक्षात घेतले पाहिजे. निवडणूक रद्द झाल्याने अध्यक्ष ठरविण्याचा अधिकार हजारभर मतदारांकडून मोजक्या प्रतिनिधींकडे आला. उद्घाटकाचे निमंत्रण मागे घेण्याचा निर्णयही मोजक्या मंडळींनीच, बंद दाराआड घेतला. मतदानातील दोष दाखविणाऱ्यांनी या दुसऱ्या दोषाकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

संमेलनाध्यक्षास प्रशासकीय अधिकार नसतात. शब्द हाच त्याचा अधिकार. ढेरे यांनी अध्यक्षीय भाषणात निमंत्रण मागे घेण्याच्या कृतीबद्दल उघड नापसंती व्यक्त केली. संयत लेखिका म्हणून परिचित असलेल्या ढेरे यांनी यजमानांच्याच मंचावरून हे सांगितले, यात त्या पदाचे खरे मूल्य आहे.

निष्कर्ष :
यादवांना मते होती, पण मंच मिळाला नाही. ढेरे यांना मते मागावी लागली नाहीत, पण मंचाचा उपयोग त्यांनी केला. यावरून निवडीची पद्धत अध्यक्षपदाचे तेज ठरवीत नाही, हे स्पष्ट होते. यजमान संस्था, निधी आणि स्थानिक दडपण यांपासून संमेलन स्वतंत्र होत नाही, तोवर निवडणूक असो वा एकमत, अध्यक्षाच्या वाट्याला उशिराचा निषेधच येणार. यवतमाळने शिकविलेला हा धडा महामंडळाने विसरता कामा नये.