मणी कौल : वजाबाकीचा सिनेमा

आज एका सिनेमावाल्याविषयी बोलायचं आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सिनेमा शिकवला नाही. त्यामुळे लेन्स, लायटिंग याबद्दल माझं काही चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण मणी कौल या माणसानं सिनेमात जे प्रश्न विचारले, ते आमच्या विषयाच्या अंगणातले आहेत.

सुरुवात एका कबुलीनं करतो. मी एम. ए. करत होतो तेव्हाची गोष्ट. पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला 'उसकी रोटी' लावला होता. मी अर्ध्यातून उठून बाहेर आलो. शेवटची बस चुकेल असं शेजारच्या मित्राला सांगितलं. बसला तासभर अवकाश होता. तो तास मी स्टॉपवर उभं राहून काढला. आता ज्यांनी हा सिनेमा पाहिला आहे ते हसतील, कारण त्यात एक बाई जवळजवळ सगळा वेळ हेच करते. बालो तिचं नाव. नवरा सुच्चासिंग बस चालवतो. त्याच्यासाठी रोटी बांधून आणायची, रस्त्याकडेला उभं राहायचं आणि बसची वाट पाहायची. पडद्यावरचं वाट पाहणं मला सहन झालं नाही, म्हणून मी बाहेर येऊन स्वतः वाट पाहत बसलो! यात मला काय सहन झालं नव्हतं, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

आधी थोडा तपशील. मणी कौल यांचा जन्म 1944 साली जोधपूरचा. शिक्षण पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जागेत उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. 1966 साली ते तिथून बाहेर पडले. ऋत्विक घटक तिथं शिकवत होते, आणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम ही त्यांचीच विद्यार्थी मंडळी. घटकांचा सिनेमा भावनेनं ओथंबलेला. त्यांच्या या शिष्यानं मात्र पहिल्याच चित्रपटात भावना दाखवायलाच नकार दिला. दुसरे गुरू म्हणाल तर फ्रान्सचे रॉबेर ब्रेसाँ. पडद्यावरून मानलेले. नटानं 'अभिनय' करू नये, ही ब्रेसाँची शिकवण कौल यांनी उचलली.

1969-70 मध्ये 'उसकी रोटी' आला. मूळ कथा मोहन राकेश यांची, कॅमेरा के. के. महाजन यांचा, पैसा सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा. त्यातला एक प्रयोग सांगतो. कौल यांनी मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या. एक 28 मिलिमीटरची, जिच्यात पुढचं-मागचं सगळं स्वच्छ दिसतं. दुसरी 135 मिलिमीटरची, जिच्यात एकच गोष्ट ठळक आणि बाकीचं धूसर. सुरुवातीला पहिली लेन्स प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींसाठी आणि दुसरी बालोच्या मनातल्या गोष्टींसाठी. मग हळूहळू त्यांनी ही विभागणी उलटीपालटी केली. परिणाम काय? बस खरंच आली की बालोला आली असं वाटलं, हे प्रेक्षकाला ठामपणे सांगता येत नाही.

आता मराठीत 'प्रयोग' या शब्दाला दोन अर्थ आहेत. प्रयोगशाळेतला प्रयोग आणि नाटकाचा प्रयोग. नाटकाचा प्रयोग रंगावा लागतो. प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचं तसं नसतं. तिथं एकेक घटक काढून पाहतात, की हा काढला तर काय उरतं. 'प्रायोगिक सिनेमा' म्हणताना आपण या दोन अर्थांचा घोळ करतो, आणि 'रंगला नाही' म्हणून उठून येतो. मी तेच केलं होतं. कौल यांची कारकीर्द मला दुसऱ्या अर्थानं प्रयोग वाटते. ती एक लांबलचक वजाबाकी आहे. पहिल्या चित्रपटात त्यांनी अभिनय वजा केला. मग गोष्टीतली उत्कंठा वजा केली. आणि शेवटी, हे फार थोड्यांना जमतं, स्वतःला वजा करायचा प्रयत्न केला.

'दुविधा' घ्या, 1973 सालचा. विजयदान देथा यांची राजस्थानी लोककथेवर बेतलेली कथा. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न करून लगेच पाच वर्षांसाठी धंद्याला निघून जातो. वडाच्या झाडावरचं भूत नवरीवर भाळलेलं असतं, ते नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. मात्र तिला ते खरं काय ते सांगून टाकतं. पुढं मूल होतं, खरा नवरा परततो, आणि एक मेंढपाळ युक्तीनं भुताला कातडी पिशवीत कोंडतो. हीच कथा घेऊन आपल्या अमोल पालेकरांनी 2005 मध्ये 'पहेली' केला, तो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. 'पहेली'त गाणी आहेत, रंग आहेत, आणि शेवटी भूत नवऱ्याच्या देहात शिरून सुखानं राहतं. आपल्याला हायसं वाटतं. 'दुविधा'त हा दिलासा नाही. पात्रं फारशी बोलत नाहीत, गोष्ट निवेदनातून कळते, मधेच चित्र स्थिर होतं. नवरीच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि थांबूनच राहतो. या सगळ्या व्यवहारात तिला कुणी विचारलं का? सासऱ्यानं नाही, नवऱ्यानं नाही. विचारलं ते भुतानं, आणि त्यालाच पिशवीत कोंडलं. कौल हे वाक्यात सांगत नाहीत. त्यांनी गोष्टीतली उत्कंठा काढून घेतली, म्हणून तो प्रश्न आपल्यापाशी उरतो. आनंदवर्धनानं ज्याला ध्वनी म्हटलं, न सांगता सुचणारा अर्थ, तो असा.

सत्यजित राय यांना 'दुविधा' पटला नव्हता आणि त्यांनी तसं लिहिलंही. राय यांच्यासारख्या माणसाचा आक्षेप झटकून टाकता येत नाही. माणसांच्या वागण्यातली ऊब त्यांना महत्त्वाची वाटे, आणि ती कौल यांच्याकडे नाही, हे खरंच आहे. मी फक्त इतकंच विचारेन, की ऊब काढून घेतल्यावर पडद्यावर काय दिसू लागलं?

याचं उत्तर त्यांना धृपदात सापडलं असावं. कौल झिया मोहिउद्दीन डागर आणि झिया फरीदुद्दीन डागर या बंधूंकडे धृपद शिकले. झिया मोहिउद्दीन यांचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला होतं. 1982 च्या सुमारास कौल यांनी 'ध्रुपद' हा माहितीपट केला. आलाप ऐकताना पुढं काय होणार असा प्रश्न आपण विचारत नाही. षड्जापासून ऋषभापर्यंत जायला गवई दहा मिनिटं घेतो आणि कुणी म्हणत नाही की गोष्ट पुढं सरकेना. स्वरांच्या मधली जागा हाच तिथं विषय असतो. 'उसकी रोटी'तला बसस्टॉप आता मला असा आलाप वाटतो. बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचं एक साधं उदाहरण आम्ही वर्गात देत असू : ग्लासातल्या पाण्यात साखर टाकली तर ती विरघळेपर्यंत मला थांबावंच लागतं. गणितातला काळ मला हवा तसा ताणता-दाबता येतो, पण हा थांबण्याचा काळ माझ्या जगण्याचा असतो, तो दाबता येत नाही. नेहमीचा सिनेमा साखर विरघळलेलं सरबत आपल्या हातात देतो. कौल आपल्याला ग्लासासमोर बसवतात. त्या रात्री मला सहन झालं नाही ते हे.

आता मराठी माणूस म्हणून 'घाशीराम कोतवाल'विषयी बोललं पाहिजे. 1976 चा हा चित्रपट युक्त या सहकारी गटानं केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी दिग्दर्शकांची नावं आहेत, त्यामुळे तो एकट्या कौल यांच्या खात्यावर मांडता येणार नाही. ओम पुरी घाशीराम, मोहन आगाशे नाना. नाटकाची ती नाचती-गाती झिंग ज्यांनी थिएटरात अनुभवली आहे, त्यांना चित्रपट कोरडा वाटतो. मलाही वाटला. पण झिंग उतरल्यावर सत्तेचा हिशेब जास्त थंडपणे दिसतो हेही खरं. हा मराठी चित्रपट पुढं इथं दिसेनासाच झाला होता. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत जपलेल्या प्रतीमुळे तो पुन्हा पाहायला मिळाला. यावर मी भाष्य करत नाही.

वजाबाकी नेहमी बरोबर येते असं नाही. 1980 चा 'सतह से उठता आदमी' गजानन माधव मुक्तिबोधांच्या लेखनावर आहे. मुक्तिबोध घरचे मराठी, लिहिलं हिंदीत. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. मुक्तिबोधांचं वाक्य धापा टाकत चालतं, अंधारात चाचपडतं, स्वतःलाच जाब विचारतं. कौल यांचा कॅमेरा तिथं फार शांत राहतो. विचार ऐकू येतात, पण विचार करणाऱ्याची घालमेल वजा झाली, आणि तीच तर मुक्तिबोधांची मुद्दल होती. हा चित्रपट कान महोत्सवात गेला, गौरवला गेला, तरी माझं मत असं आहे. वजाबाकी करणाऱ्यानं काय वजा करू नये हे ओळखायचं असतं. तिथं त्यांची पद्धत विषयापेक्षा मोठी झाली.

याउलट 1989 चा 'सिद्धेश्वरी'. बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवींवरचा. मीता वशिष्ठ त्यांची भूमिका करते, आणि शेवटाकडे ती टीव्हीच्या पडद्यावर खऱ्या सिद्धेश्वरींना गाताना पाहते. सोंग घेणारी बाई खरीसमोर नुसती प्रेक्षक होऊन बसते. इथं चरित्रकाराचा अधिकारच वजा झाला.

माझ्या मांडणीला एक अडचण आहे, ती लपवत नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोस्तोयेव्हस्कीची 'इडियट' दूरदर्शनसाठी चार भागांत केली. शाहरुख खान त्यात आहे. आणि ती संवादांनी, माणसांनी खच्चून भरलेली आहे. मग वजाबाकी कुठं गेली? मला वाटतं, तिथं माणसं इतकी बोलतात की बोलण्यावरचा आपला भरवसाच उडतो. पण हे उत्तर जरा ओढूनताणून आणलेलं आहे हे मला मान्य आहे. कलावंत आपल्या सिद्धांतात मावत नाही, हे चांगलंच लक्षण.

शेवटचा टप्पा 'नौकर की कमीज', 1999. विनोदकुमार शुक्ल यांच्या कादंबरीवरचा. साहेबानं आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून ठेवला आहे, आणि तो सदरा कचेरीतल्या गरीब कारकुनाला, संतूबाबूला, बरोबर बसतो. माणसानं सदरा निवडायचा, तर इथं सदराच माणूस निवडतो. या चित्रपटाच्या वेळी कौल यांनी कॅमेरामनला व्ह्यूफाइंडरमधून न पाहता शूटिंग करायला सांगितलं. पहिल्या चित्रपटात एकेक चौकट चित्रकाराच्या काटेकोरपणे बांधणारा हा माणूस. तीस वर्षांनी तो म्हणतो, चौकट कशी येते ते मीही बघणार नाही. साहेबाच्या सदऱ्यासारखी चौकटसुद्धा आधी शिवून ठेवायची आणि मग जगाला त्यात बसवायचं, हे त्यांना नको झालं होतं. 2011 मध्ये ते गेले.

आता तुमच्या मनातला प्रश्न. 'उसकी रोटी' कधी नीट व्यापारी पद्धतीनं प्रदर्शित झाला नाही. अशा चित्रपटांवर सरकारी पैसा का घालायचा, म्हणून संसदीय समितीनंही 1976 मध्ये कॉर्पोरेशनला धारेवर धरलं होतं. हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. पैसा लोकांचा होता. माझं उत्तर असं. लोकांच्या पैशातून आपण प्रयोगशाळा चालवतो, तिथले बरेच प्रयोग फसतात, आणि तरी आपण त्या बंद करत नाही, कारण पाहण्याची रीत तिथं तपासली जाते. मात्र त्याबरोबर एक अटही येते. प्रयोगाचा निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचवावा लागतो. कौल यांचे चित्रपट आपण केले, आणि मग कपाटात ठेवून दिले. त्यातला दोष मी त्यांना देणार नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे, समीक्षकांचा आणि अर्ध्यातून उठून जाणाऱ्यांचाही.

शाळेत वजाबाकी करताना हातचा घ्यावा लागे, आठवतंय ना? कौल यांनी हातचा घेतला धृपदाकडून, चित्रकलेकडून, हिंदी साहित्याकडून. त्यातून जी बाकी उरली, ती म्हणजे पडद्यासमोर बसलेला माणूस आणि त्याचा स्वतःचा वेळ. त्या वेळेचं काय करायचं हे ते सांगत नाहीत.

त्या खेळानंतर बऱ्याच वर्षांनी मी 'उसकी रोटी' पुन्हा पाहिला, पूर्ण. रात्र पडते, बालो उभीच असते, शेवटी नवरा येतो. यावेळी मी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही. दोनदा पाहिलं. पण बसून राहिलो. तुम्हीही जमलं तर पाहा, आणि उठावंसं वाटलं तर कधी वाटलं ते लक्षात ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच बोलू.