दिवसाउजेडीची बातमी आणि काटकसरीचा हिशेब

दूरचित्रवाणीवरील वृत्तप्रसारणाची समीक्षा बहुधा रात्रीच्या बातमीपत्राभोवती फिरते, कारण जाहिरातदार, राजकारणी आणि स्वतः वृत्तसंपादक यांची नजर त्याच वेळेवर असते. सकाळी नऊपासून सायंकाळपर्यंतच्या प्रसारणाकडे मात्र भरणा म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे, आणि म्हणूनच काटकसरीची वेळ आली की कात्री प्रथम तिथे पोचते. ब्रिटनमधील गेल्या काही वर्षांच्या घडामोडी या दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत. सार्वजनिक निधीवर चालणारी आणि जाहिरातींवर चालणारी अशा दोन्ही प्रकारच्या वृत्तसंस्था तिथे शेजारी शेजारी उभ्या असल्याने पैशाचा आणि आशयाचा संबंध तिथे अधिक उघडपणे दिसतो.

ब्रिटनमध्ये १९७२ पर्यंत दूरचित्रवाणीने रोज किती तास प्रसारण करावे हे सरकार ठरवीत असे. ते बंधन उठताच त्याच वर्षी आयटीव्हीने रॉबर्ट की यांच्या निवेदनाखाली दुपारचे बातमीपत्र सुरू केले, तर बीबीसीने बर्मिंगहॅममधून ‘पेबल मिल ॲट वन’ हा गप्पा, पाहुणे आणि चालू घडामोडी यांचा मिश्र कार्यक्रम आणला. १९८३ मध्ये न्याहारीच्या वेळेचे कार्यक्रम आले आणि १९८६ मध्ये बीबीसीने दिवसभराचे सलग वेळापत्रक आखताना दुपारी एकच्या बातम्यांना त्यात कायमची जागा दिली. थोडक्यात, दिवसाची बातमी जन्मली ती मोकळ्या झालेल्या तासांमुळे, कोणा संपादकाच्या ध्यासामुळे नव्हे; आणि घरात आश्रिताला मिळते तशी वागणूक तिला पुढेही मिळत राहिली.

इथे बातमीपत्र आणि वार्ताकार्यक्रम यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. बातमीपत्र इतरत्र जमवलेल्या बातम्या क्रमाने सांगते. वार्ताकार्यक्रमाची स्वतःची शोधपथके असतात, तो स्वतः विषय निवडतो, माणसे शोधतो, त्यांचा विश्वास मिळवतो आणि त्यांना बोलण्यास पुरेसा वेळ देतो. पहिला प्रकार स्वस्त आणि दुसरा महाग. या दुसऱ्या प्रकाराचा अलीकडचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे एप्रिल २०१५ मध्ये ‘बीबीसी टू’ आणि बीबीसीची वृत्तवाहिनी अशा दोन्हींवर सुरू झालेला, निवेदिकेच्याच नावाने ओळखला जाणारा ‘व्हिक्टोरिया डार्बिशर’ हा सकाळचा कार्यक्रम. डार्बिशर रेडिओवरील श्रोत्यांच्या दूरध्वनींच्या कार्यक्रमातून आल्या होत्या, आणि बातमीकडे पाठ फिरवलेल्या प्रेक्षकांपर्यंत, विशेषतः तरुण, स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांतील लोकांपर्यंत पोचणे हे या कार्यक्रमाचे घोषित उद्दिष्ट होते.

त्याची कला होती ऐकण्याची. नोव्हेंबर २०१६ मध्ये बालपणी फुटबॉल प्रशिक्षकाकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल एक माजी खेळाडू ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राशी बोलला. त्यानंतर काही दिवसांतच तो आणि त्याच अनुभवातून गेलेले आणखी काही माजी खेळाडू या कार्यक्रमात एकत्र बसले. रात्रीच्या बातमीपत्राने या प्रसंगातून दोन वाक्ये उचलली असती. इथे ती माणसे बोलता बोलता थांबली, रडली, पुन्हा बोलली, आणि निवेदिकेने ती शांतता भरून काढण्याची घाई केली नाही. पुढे अनेक पीडित पुढे आले, संबंधित प्रशिक्षकाला २०१८ मध्ये दीर्घ कारावासाची शिक्षा झाली, आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध होऊन संघटनेच्या संस्थात्मक अपयशावर बोट ठेवले गेले. या वार्तांकनासाठी कार्यक्रमाला २०१७ चा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

तरीही जानेवारी २०२० मध्ये हा कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय झाला, आणि आपला कार्यक्रम जाणार हे निवेदिकेला वृत्तपत्रातून कळले. त्याच महिन्यात बीबीसीने वृत्तविभागातील सुमारे ४५० पदे कमी करून ८ कोटी पौंड वाचवण्याची योजना जाहीर केली. या टंचाईचे मूळ परवाना शुल्कात आहे. थेट प्रसारण पाहणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश घराने भरायची ही वार्षिक रक्कम बीबीसीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार असून तिचा दर सरकारच्या संमतीशिवाय ठरत नाही. पंचाहत्तरीपुढील वृद्धांना मिळणाऱ्या शुल्कमाफीचा भार २०१५ च्या करारात सरकारने बीबीसीवर ढकलला. पुढे २०२२ मध्ये दर १५९ पौंडांवर दोन वर्षे गोठवण्यात आला, आणि त्याच काळात महागाईने उचल खाल्ली. तेव्हा काटकसर हा केवळ व्यवस्थापकांचा लहरीपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न आहे तो कुठे कापायचे हे ठरवणाऱ्या मोजपट्टीचा. कार्यक्रमाचा आशय इंटरनेटवर यशस्वी झाला, पण दूरचित्रवाणीवरील प्रेक्षक अपेक्षेप्रमाणे वाढला नाही, सबब तेथील खर्च समर्थनीय नाही, असा बीबीसीचा युक्तिवाद होता. यात एक हिशेबाची चूक दडलेली आहे. सकाळच्या कार्यक्रमाने शोधलेली बातमी दुपारी एकच्या, सायंकाळी सहाच्या आणि रात्री दहाच्या बातमीपत्रांत जाते, संकेतस्थळावर वाचली जाते, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छापली जाते. खर्च मात्र सकाळच्या खाती पडतो आणि प्रेक्षक संध्याकाळच्या नावावर जमा होतात. शेताचा खर्च धरायचा आणि पीक बाजाराच्या नावे मांडायचे, अशा वहीत शेत नेहमी तोट्यातच दिसणार.

याच सुमारास बीबीसीने स्वीकारलेल्या नव्या कार्यपद्धतीचा गाभा असा, की प्रत्येक कार्यक्रमाने आपापले विषय करण्याऐवजी मध्यवर्ती पथकाने एक विषय एकदाच करावा आणि तो सर्वांनी वापरावा. एकाच घटनास्थळी एकाच संस्थेचे चार वार्ताहर उभे राहणे हास्यास्पद आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु निवडीचा अधिकार एकवटला की विषयांची विविधताही आटते. ज्या विषयाला मध्यवर्ती बैठकीत कोणी वाली नाही तो पूर्वी एखाद्या हट्टी छोट्या पथकामुळे पडद्यावर येई. आता त्याला दुसरे दार उरत नाही.

रिकाम्या झालेल्या वेळेत काय आले, हे अधिक बोलके आहे. २०२३ मध्ये बीबीसीने देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय वृत्तवाहिन्या एकत्र केल्या, त्यामुळे ब्रिटिश प्रेक्षकाच्या दिवसातील बरेच तास जगभरासाठी केलेल्या प्रसारणाने व्यापले. सकाळच्या वेळेत निकी कॅम्पबेल यांचा रेडिओवरील दूरध्वनी-कार्यक्रम कॅमेरे लावून दाखवण्यास सुरुवात झाली. रेडिओवरून आलेल्या निवेदिकेने दूरचित्रवाणीवर घडवलेला प्रकार मोडून त्या जागी रेडिओच दाखवणे, याला काटकसर म्हणता येईल, प्रगती म्हणणे कठीण आहे. दुपारच्या राजकीय चर्चेचा ‘डेली पॉलिटिक्स’ हा कार्यक्रम तर २०१८ मध्येच जाऊन त्या जागी ‘पॉलिटिक्स लाइव्ह’ आला होता. समाजमाध्यमांवर फिरतील असे तुकडे त्यातून निघावेत, हा विचार त्याच्या रचनेतच होता. तुकड्यांसाठी बोलणारा पाहुणा शांत राहत नाही आणि शंका व्यक्त करीत नाही.

जाहिरातींवरील वाहिन्यांचे चित्र वेगळे नाही. चॅनेल फोरने आपले दुपारचे बातमीपत्र २००९ च्या अखेरीस बंद केले होते. आयटीव्हीने मे २०२५ मध्ये दिवसाच्या कार्यक्रमांतील दोनशेहून अधिक पदे कमी करण्याचे जाहीर करताना ‘लॉरेन’ हा कार्यक्रम २०२६ पासून अर्ध्या तासाचा आणि वर्षात केवळ तीस आठवड्यांचा केला, आणि ती जागा भरण्यासाठी ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ साडेनऊपर्यंत लांबवला.

उलट दिशेचे एक उदाहरणही आहे. बीबीसीचे दुपारी एकचे बातमीपत्र २०२४ मध्ये लंडनहून सॅलफर्डला हलवून पूर्ण एक तासाचे करण्यात आले. राजधानीबाहेरून दुपारचे राष्ट्रीय बातमीपत्र निघणे स्वागतार्हच; पण वाढलेला तास बातमीपत्राचा आहे, वार्ताकार्यक्रमाचा नाही. मराठी वाचकालाही हा हिशेब सर्वस्वी परका नाही: २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसी मराठी ही त्याच संस्थेच्या जागतिक सेवेतून उगवली आहे. चोवीस तासांच्या मराठी वाहिन्यांवर दुपारी पत्रकार परिषदांचे थेट प्रक्षेपण तासन्‌तास चालते ते विषयाच्या महत्त्वापेक्षा तो सर्वांत स्वस्त भरणा असल्यामुळे, हेही रोज पाहणाऱ्याच्या ध्यानात येते.

दिवसा घरी असणारे प्रेक्षक म्हणजे निवृत्त, आजारी, बेकार, तान्ह्या मुलांच्या आया आणि रात्रपाळी करून परतलेले कामगार. सार्वजनिक सेवांच्या बिघाडाची झळ ज्यांना आधी लागते असेच बहुतेक. दिवसाच्या वार्ताकार्यक्रमाला भविष्य हवे असेल तर मूळ बातमी कोणी शोधली याची नोंद ठेवून तिच्या पुढील सर्व प्रसारणांचे श्रेय त्या कार्यक्रमाच्या खाती मांडण्याची पद्धत आधी आणावी लागेल; प्रेक्षकसंख्येच्या सध्याच्या मोजणीवर असा कोणताही कार्यक्रम टिकणार नाही. व्हिक्टोरिया डार्बिशर पुढे रात्रीच्या ‘न्यूजनाइट’ या कार्यक्रमाच्या निवेदिका झाल्या. त्या कार्यक्रमाची स्वतंत्र वार्ताहर-पथकेही काटकसरीत गेली असून मे २०२४ पासून तो अर्ध्या तासाचा झाला आहे.