मुलाखतीच्या खुर्चीत वऱ्हाड

मुलाखत ही दोन माणसांची बातचीत असली, तरी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर, म्हणजे मुख्यतः जनतेच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर, ती तिसऱ्यासाठी केलेली असते; हा तिसरा म्हणजे प्रेक्षक, आणि त्याला स्वतःला विचारता येणार नाहीत असे प्रश्न त्याच्या वतीने विचारले जातील, या विश्वासावरच तिचे मोल उभे असते. मराठीतील या कलेची आजची अवस्था तपासताना समोरच्या खुर्चीत किती नामवंत बसले याची मोजदाद फारशी उपयोगी पडत नाही. तिसरा माणूस कोण गृहीत धरला गेला, हे पाहावे लागते. तो वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्यात, मलकापूर आणि शेगावच्या मधल्या नांदुऱ्यात, मुंबईपासून रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटरवर बसलेला आहे असे मानले, तर गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब बराच वेगळा दिसतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. वऱ्हाडातील घरांपर्यंत हा पडदा पोहोचायला मात्र पुढचे दशक उजाडावे लागले. त्या केंद्राच्या हाती तेव्हा एक दुर्मीळ गोष्ट होती, ती म्हणजे वेळ. स्पर्धक वाहिनी नाही, मध्येच घुसणारी जाहिरात नाही, त्यामुळे ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमात लेखक-कलावंतांना वाक्य अर्धवट सोडून विचार करण्याची, थांबण्याची, पुन्हा मागे जाऊन दुरुस्ती करण्याची मुभा होती. उत्तरानंतरची ही क्षणभराची शांतता, जी घाईच्या कार्यक्रमात पहिल्यांदा कापली जाते, ती मुलाखतीचे खरे भांडवल असते, कारण तयार उत्तर संपल्यानंतरच माणूस बोलू लागतो. या परंपरेची उणीवही तिथेच जन्मली. विचारणारा बहुधा पाहुण्याचा चाहता असे, आणि व्याख्यानमालेतल्या ‘प्रकट मुलाखती’चा, म्हणजे श्रोत्यांसमोर व्यासपीठावर होणाऱ्या मुलाखतीचा, सत्कारी सूर स्टुडिओतही उतरला; तुमच्या यशाचे रहस्य काय, इतक्या व्यापातून वेळ कसा काढता, अशा प्रश्नांना उत्तर म्हणून फक्त नम्रता मिळू शकते.

याला त्या काळातला सर्वांत ठळक अपवाद साहित्याच्या नव्हे, शेतीच्या कार्यक्रमात सापडतो, ही गोष्ट मराठी समीक्षेने पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. शिवाजी फुलसुंदर यांचे नाव ज्या कार्यक्रमाशी कायमचे जोडले गेले, त्या ‘आमची माती, आमची माणसं’मध्ये कृषिशास्त्रज्ञ किंवा अनुभवी शेतकरी बोलायला बसे, आणि तिथे प्रश्नाला काम असे: बियाणे कोणते, पेरणी कधी, फवारणी किती, खर्च किती आला. पुढच्या हंगामात कुणीतरी त्या उत्तराप्रमाणे वागणार, हे विचारणाऱ्याला माहीत असल्यामुळे तो मोघम उत्तर सोडून देत नसे. कपाशी आणि सोयाबीनच्या मुलखातल्या प्रेक्षकाने मुलाखत म्हणजे काय असते हे जर दूरदर्शनकडून शिकले असेल, तर ते याच कार्यक्रमातून, असे म्हणायला हरकत नाही. कुतूहल आणि उपयोग एकाच प्रश्नात बांधण्याची ही रीत पुढे साहित्यिक, न्यायाधीश, मंत्री यांच्या मुलाखतींत उतरली असती, तर मराठी मुलाखतीचा इतिहास निराळा झाला असता.

बाहेरच्या जगात सार्वजनिक प्रसारणाने हाच वेळ कसा वापरला, हे ताडून पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात जॉन फ्रीमन ‘फेस टू फेस’ हा कार्यक्रम करीत; त्यात विचारणाऱ्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नसे आणि कॅमेरा पाहुण्याच्या मुद्रेवरून हलत नसे. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणाला सरकारी निधीचा आधार मिळाला, आणि सार्वजनिक वाहिन्यांच्या जाळ्यावर विल्यम बकली यांचा ‘फायरिंग लाइन’ हा वादसंवादाचा कार्यक्रम १९७१ पासून अनेक वर्षे चालला. बकली उजव्या विचारांचे, पण खुर्चीत कडव्या विरोधकांना बसवून त्यांना पुरते बोलू देण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. बिल मॉयर्स यांनी पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांच्याशी केलेला सहा भागांचा संवाद १९८८ मध्ये दाखवला गेला, तेव्हा कॅम्बेल हयात नव्हते; वेळेवर चित्रण झाले म्हणूनच तो माणूस मागे उरला. त्याच अमेरिकेच्या संसदेने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी काढून घेतला. सार्वजनिक वाहिनी ही कायमची सोय नव्हे, एवढे तरी यावरून कळावे.

भारतात प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला, पण स्वायत्तता, म्हणजे सरकारचा पैसा घेऊनही सरकारला प्रश्न विचारण्याची मोकळीक, कागदावरून स्टुडिओत फारशी आली नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी वाहिनीवर राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा ‘जय महाराष्ट्र’ हा कार्यक्रम होत आला आहे. मंत्री आणि अधिकारी त्यात योजनांविषयी सांगतात. ती माहिती लोकांना हवीच असते, परंतु शासनाने शासनाला विचारलेल्या प्रश्नांना मुलाखत म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. याच वाहिनीवर विक्रम गोखले यांनी ‘दुसरी बाजू’मध्ये कलावंतांना बोलते केले, तेव्हा नटाने नटाला विचारलेल्या प्रश्नांतून अभिनयाच्या कसबाविषयी जे बाहेर आले, ते व्यवसाय न जाणणाऱ्या सूत्रसंचालकाला मिळाले नसते. विषयाची तयारी हीच मुलाखतकाराची पात्रता, हे त्या भागांनी दाखवून दिले.

खासगी वाहिन्या आल्यावर उलट घडले: मोकळीक आली, वेळ गेला. ई टीव्ही मराठीवर राजू परुळेकर यांचा ‘संवाद’, २००८ मध्ये सुरू झालेल्या आयबीएन लोकमतवर निखिल वागळे यांची ‘ग्रेट भेट’ आणि एबीपी माझाचा ‘माझा कट्टा’ या कार्यक्रमांनी उलटतपासणीची, निदान आडव्या प्रश्नाची, सवय मराठी प्रेक्षकाला लावली, हे श्रेय त्यांचे आहे. पण पुढे मुलाखत हा सोहळा होत गेला. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवार यांची घेतलेली मुलाखत वृत्तवाहिन्यांनी थेट दाखवली. २०२० मध्ये शिवसेनेच्या मुखपत्राचे कार्यकारी संपादक आणि पक्षाचे खासदार संजय राऊत यांनी, शिवसेना आणि पवारांचा पक्ष असलेल्या आघाडीचे सरकार सत्तेत असताना, त्याच पवारांची मुलाखत घेतली. दोन्ही रंगल्या, दोन्हींतून बातम्या निघाल्या. मात्र दोन्हीकडे विचारणारा स्वतः राजकारणी होता, आणि तिसऱ्या माणसाचा वकील खुर्चीत नव्हता.

तालुक्याच्या गावाला या सगळ्यात मिळाला तो ‘बाईट’. वृत्तवाहिन्यांच्या बोलीतला हा शब्द म्हणजे बातमीत चिकटवण्यापुरते घेतलेले काही सेकंदांचे बोलणे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळच्या घटमांडणीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मांडलेल्या घटावरून पीकपाण्याचे भाकीत सांगण्याच्या प्रथेचे, दरवर्षी कॅमेरे भरून चित्रण होते. पाऊस किती, पीक कसे, राजाची गादी टिकणार का, एवढे टिपून गाड्या परततात. त्या भाकितावर शेतकरी खरोखर पेरणी ठरवतो का, हवामान खात्याचा अंदाज तो कसा वाचतो, हे अर्धा तास बसून विचारण्यात खरी मुलाखत आहे. २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील गावांत केस गळू लागले, तेव्हाही टक्कल पडलेली डोकी पडद्यावर फिरली, आणि त्या डोक्यांखालची माणसे, ज्यांना लग्नकार्यात जायची लाज वाटू लागली असेल, ती फार थोडी ऐकू आली.

यात भाषेचाही प्रश्न आहे. घरी ‘मले’ आणि ‘काहून’ म्हणणारा माणूस कॅमेरा सुरू होताच ‘मला’ आणि ‘का’ म्हणू लागतो, आणि त्या धडपडीत त्याचे निम्मे म्हणणे गळून पडते. कुशल मुलाखतकार स्वतः वऱ्हाडी बोलण्याचे सोंग आणणार नाही, पण समोरच्याला त्याच्या बोलीत ठेवील. उत्तर प्रमाण मराठीत फिरवून परत सांगण्याची स्टुडिओची खोड तेवढी टाळायला हवी.

बुलढाणा जिल्ह्याकडे खुर्चीत बसवण्याजोगी माणसे नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे शब्द जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेवरून दूरदर्शनच्या कितीतरी आधी महाराष्ट्रभर गेले होते. १९८६ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००० मध्ये त्यांचे निधन झाले, म्हणजे वऱ्हाडात दूरदर्शन पोहोचल्यानंतरही ते बराच काळ हयात होते. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ मध्ये अकादमीचा पुरस्कार लाभला; शेतीतल्या शिकलेल्या तरुणाची कोंडी मांडणाऱ्या या लेखकाला पुरस्काराच्या निमित्तापलीकडे, शेतीच्या प्रश्नावर सलग विचारायला हवे. बाजार समितीतला अडत्या, जिनिंगमधला कामगार, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली बाई यांनाही तोच अर्धा तास मिळाला पाहिजे, कारण नामवंत कोण हे वाहिनीने ठरवायचे असेल, तर तिची दृष्टी वरळीच्या पलीकडे जायला हवी.

यूट्यूबवरच्या मराठी पॉडकास्टनी, म्हणजे वेळेचे बंधन नसलेल्या दीर्घ संवादांनी, गेलेला वेळ परत आणला आहे, आणि त्यांतले काही उत्तम आहेत. परंतु त्यांचे पाहुणेही बहुतांशी पुण्या-मुंबईचेच, आणि प्रश्नांपेक्षा प्रायोजक मोठा होण्याचा धोका तिथेही आहेच. जुने भूप्रक्षेपक बंद झाल्यावर सह्याद्री आजही दूरदर्शनच्या फ्री डिश या उपग्रहसेवेच्या छत्रीवर, मासिक भाडे न भरता, नांदुऱ्याच्या घराघरात दिसू शकते. एवढी पोहोच असलेल्या वाहिनीने दोन कामे विनाविलंब हाती घ्यावीत: आपल्याकडे उरलेल्या जुन्या मुलाखतींची, पाहुणा, मुलाखतकार आणि तारीख यांसह, पूर्ण सूची सर्वांसाठी खुली करावी, आणि कॅमेरा वर्षातून काही आठवडे तालुक्याच्या गावी मुक्कामाला न्यावा. वऱ्हाडातली बोलू शकणारी पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे.